हायस्कूल ग्रॅज्युएशनचा कार्यक्रम आणि मुलांना द्यायच्या भेटी: सल्ला हवा आहे

मोगरा (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. आमची थोरली मुलगी या जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करत आहे आणि ऑगस्टअखेर ती राज्य विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात, राहायला जाणार आहे. शाळेचा समारंभ जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, फुटबॉलच्या मैदानावर, संध्याकाळी साडेसहाला आहे आणि त्यासाठी माझे सासू-सासरे नाशिकहून मुद्दाम येत आहेत. त्यानंतरच्या शनिवारी किंवा रविवारी एक कार्यक्रम करावा असे मनात आहे. आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो. बारावीचा निकाल लागला की शेजारीपाजारी पेढे द्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून प्रवेशाच्या मागे लागायचे, एवढीच पद्धत आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे इथे लोकांची काय अपेक्षा असते याचा अंदाज येत नाही.

पहिला प्रश्न कार्यक्रमाच्या स्वरूपाचा आहे. मुलीला दुपारचे ओपन हाउस हवे आहे, म्हणजे लोक आपापल्या सोयीने येतील, खातील, भेटून जातील. सासूबाईंचे म्हणणे असे की, बोलावलेल्या माणसाला नीट बसवून जेवू घातले पाहिजे. पाहुण्यांत निम्मी मराठी कुटुंबे, काही गुजराती शेजारी आणि मुलीचे वर्गमित्र असतील. घरामागचे अंगण पुरेल, पण ऊन आणि पाऊस या दोन्हींची धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न भेटींचा आहे. मुलीच्या मैत्रिणी आणि माझा भाचा हेही याच वर्षी ग्रॅज्युएट होत आहेत. त्यांना रोख रक्कम द्यावी की वस्तू, आणि रक्कम दिली तर किती? सासूबाई नातीसाठी सोन्याची साखळी आणणार आहेत, पण ती डॉर्ममध्ये कशी न्यायची हा प्रश्नच आहे. शिवाय आमंत्रणावर, आपल्या लग्नपत्रिकांवर असते त्याप्रमाणे, ‘कृपया आहेर आणू नये’ अशा अर्थाचे काही लिहावे का? ज्यांनी हे सर्व केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


अबोली (कोलंबस, ओहायो)

मोगराताई, मुलीचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून अभिनंदन. आम्ही मध्य-पश्चिमेत राहतो आणि इकडे ओपन हाउसची पद्धत चांगलीच रुजलेली आहे. त्यामुळे मी निःसंकोचपणे मुलीच्या बाजूने कौल देते. मे आणि जूनच्या प्रत्येक शनिवार-रविवारी मुलांना अनेक ठिकाणी हजेरी लावायची असते. एखादा मुलगा एका दुपारी तीन घरी जाऊन येतो. अशा वेळी पंगतीसारखे जेवण ठेवले की मुले अवघडतात, कारण त्यांना पाऊण तासात उठायचे असते आणि यजमान ताटे मांडून बसलेले असतात. त्यापेक्षा आमंत्रणावर ‘दुपारी २ ते ५’ अशी वेळ लिहावी आणि जवळच्या चार-पाच मराठी कुटुंबांना तोंडी सांगून ठेवावे की, तुम्ही पाचनंतर थांबा, आपण सावकाश जेवू. असे केल्याने सासूबाईंचा मानही राखला जातो आणि मुलांची सोयही होते. आम्ही असेच केले होते, आणि आजीला सर्वांत जास्त आनंद त्या संध्याकाळच्या जेवणातच मिळाला.

जेवणाबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन, कारण तिचा विचार आपल्या घरांत सहसा होत नाही. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट फार ठिकाणी असते: काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत, साबुदाण्याच्या खिचडीत, लसणाच्या कोरड्या चटणीत. आपल्याला ते दिसतही नाही इतके ते अंगवळणी पडलेले आहे. इथल्या काही मुलांना शेंगदाण्याची आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून मुलीकडून तिच्या मित्रमैत्रिणींना आधीच विचारून घ्यावे, त्या दिवसापुरते शेंगदाणे स्वयंपाकातून पूर्णपणे काढून टाकावेत आणि प्रत्येक ट्रेसमोर पदार्थाचे नाव व त्यातील दूध, गहू, काजू यांची नोंद असलेली चिठ्ठी ठेवावी. बाहेरून जेवण मागवणार असाल तर केटररला हे तोंडी सांगून भागत नाही. ऑर्डरवर लिहून घ्यावे. वड्याबरोबर सुकी चटणी पाठवू नका असे बजावूनही ती सवयीने डब्यात येते, हे मी पाहिले आहे. तुमचे गुजराती शेजारी जैन असतील, तर कांदा, लसूण आणि बटाटा नसलेला एखादा पदार्थ वेगळ्या डावासह बाजूला ठेवावा.

पावभाजी हा अशा कार्यक्रमासाठी मला सर्वांत सोयीचा पदार्थ वाटतो, कारण ती गरम ठेवता येते, उभ्याने खाता येते आणि अमेरिकन मुलांना आवडते. तिखट थोडे बेताने घालावे आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा वेगळा ठेवावा. श्रीखंड लहान कपांत भरून बर्फाच्या परातीत मांडावे. जूनच्या उन्हात दुधातुपाचे पदार्थ उघड्यावर किती वेळ ठेवायचे याविषयी इथल्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे: शिजवलेले किंवा नासणारे अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या वर गेले तर १ तासापेक्षा जास्त नाही. तीन तासांच्या ओपन हाउसला याचा अर्थ असा की, सगळे ट्रे एकदम मांडू नयेत. निम्मे घरात ठेवावेत आणि साडेतीनच्या सुमारास बदलावेत.

अंगणात एक तंबू भाड्याने घ्या. ऊन असो वा पाऊस, तो वाया जात नाही. टाउनशिपच्या पार्कमधील छपराखालची जागाही चांगली असते, पण जूनमधील शनिवार-रविवार फार आधी भरतात.

आणि एक विनंती. वर्गमित्र असतील त्या वेळात मोठ्यांसाठीसुद्धा दारू ठेवू नये. देशभर वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि तुमच्या राज्यात अल्पवयीनाला दारू देणे किंवा आपल्या घरात पिऊ देणे हा यजमानावरील गुन्हा ठरतो. पाचनंतरच्या जेवणाच्या वेळी काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.


कृष्णाकाठ (ह्यूस्टन, टेक्सस)

अबोलीताईंनी जवळजवळ सर्व सांगितले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. आमच्याकडे समारंभ मेअखेरीसच होतात, त्यामुळे आम्ही या सगळ्यातून नुकतेच बाहेर पडलो आहोत. तुमच्या मुलीच्या मैत्रिणींच्या आई-वडिलांशी आजच बोलून घ्या. एकाच वर्गातील तीन-चार कुटुंबांनी एकत्र कार्यक्रम केला तर पाहुण्यांचे दिवस वाचतात आणि खर्चही वाटला जातो. मात्र प्रत्येक मुलाचे टेबल वेगळे असावे, आणि त्यावर कोणती छायाचित्रे लावायची हे त्या मुलाने ठरवावे. आई-वडिलांना प्रिय असलेला बाळपणीचा एखादा फोटो वर्गमित्रांसमोर मांडणे मुलांना नकोसे वाटते, आणि त्यांचे ते म्हणणे रास्त असते.

सासू-सासरे येत आहेत म्हणून आणखी एक सुचवतो. मैदानावर समारंभ असेल तर पाऊस आल्यास तो शाळेच्या जिममध्ये हलवतात आणि तिथल्या प्रवेशिका मोजक्याच असतात. त्यांत दोघांच्या जागा आहेत ना, आणि पायऱ्या न चढता बसण्याची सोय कुठे आहे, हे शाळेच्या ऑफिसात आताच विचारून ठेवा. बहुतेक शाळा थेट प्रक्षेपण करतात. तुमचे साडेसहा म्हणजे नाशिकमध्ये दुसऱ्या दिवशी पहाटेचे चार, हे तिकडच्या मंडळींना आधी कळवा.


रानवारा (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

भेटींविषयी मी सविस्तर लिहितो, कारण दोन मुलांच्या वेळी आलेली पाकिटे, वस्तू आणि त्यांचे पुढे काय झाले हे मी जवळून पाहिले आहे.

रोख रक्कम देण्यात काहीही कमीपणा नाही. इथे ग्रॅज्युएशनला पैसे देणे हीच सर्वमान्य रीत आहे आणि आपल्याकडेही पाकिटाची परंपरा आहेच. आमच्या परिसरातील मराठी मंडळींत साधारणपणे मुलाच्या मित्राला २५ डॉलर, घरोब्याच्या कुटुंबातील मुलाला ५१ किंवा १०१, आणि भाचे-पुतणे यांना आपल्या ऐपतीप्रमाणे त्याहून जास्त, असे चालते. वरचा एक डॉलर आवर्जून द्यावा, आणि तो का दिला हे कार्डावर दोन ओळींत लिहावे. इथे वाढलेल्या मुलांना ते कोणी सांगितलेले नसते आणि कळल्यावर त्यांना ते फार आवडते. चेक देणार असाल तर त्यावर मुलाचे बँकेतील नाव लिहा. आपण मुलांना वर्षानुवर्षे ज्या लाडक्या नावाने हाक मारतो त्या नावाचा चेक बँक घेत नाही, आणि मग तो परत मागून नवा घेताना दोन्ही बाजूंची कुचंबणा होते.

पैशांबरोबर पत्र लिहा, आणि ते हाताने लिहा. छापील कार्डाखाली नुसती सही करून देऊ नका. मुलाला तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. त्याची कोणती गोष्ट तुम्हाला आवडते, त्याने कोणत्या वेळी काय केले ते तुमच्या लक्षात राहिले आहे, ते मोकळेपणाने लिहा. माझ्या मुलीने पैसे पहिल्या सत्रात पुस्तकांवर आणि प्रवासावर खर्च केले, पण तिच्या मराठी शाळेतील बाईंचे पत्र तिने खोलीतील फळ्यावर टाचून ठेवले आहे.

मोठी रक्कम द्यायची असेल तर दोन मार्गांचा विचार करावा. मुलाच्या नावाने ५२९ खाते, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतीचे करसवलतीचे खाते, असेल तर त्याच्या आई-वडिलांकडून भेट जमा करण्याचा दुवा मागून घ्यावा. त्या खात्यातील पैसे फी, पुस्तके, संगणक, आणि पूर्णवेळच्या निम्म्याहून कमी नसलेला अभ्यासक्रम घेतलेला असेल तर राहण्या-जेवणाच्या खर्चालाही करमुक्त वापरता येतात. दुसरा मार्ग रॉथ आयआरएचा, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्याचा. मुलाने उन्हाळ्यात नोकरी करून कमाई केली असेल तर त्या वर्षीच्या कमाईइतकी किंवा कायद्याने ठरवलेल्या मर्यादेइतकी, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम त्या खात्यात भरता येते, आणि ती रक्कम मामाने किंवा आजोबांनी दिलेली असली तरी चालते. अठराव्या वर्षी असे खाते उघडून दिलेला मुलगा पैशाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो, असा माझा अनुभव आहे. मात्र एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) असलेल्या मुलांना नोकरी करण्याची परवानगी नसते, त्यामुळे त्यांच्याबाबत हा मार्ग बंद असतो. त्यांना याची आठवण करून देणारी भेट देऊ नये.

वस्तू द्यायची असेल तर आधी विद्यापीठाची डॉर्मसंबंधी यादी वाचावी. उदबत्ती, मेणबत्ती, शेगडी आणि बऱ्याच ठिकाणी राइस कुकरसुद्धा खोलीत चालत नाही, त्यामुळे हौसेने दिलेला कुकर सप्टेंबरमध्ये घरी परत येतो. चादरी घेताना डॉर्ममधील पलंग बहुधा ट्विन एक्स्ट्रा लाँग असतो हे लक्षात ठेवावे. त्याची गादी ३९ इंच रुंद आणि ८० इंच लांब, म्हणजे साध्या ट्विनपेक्षा ५ इंच लांब असते, आणि साधी ट्विन चादर तिच्या कोपऱ्यांना पुरत नाही. चांगले टॉवेल, दप्तर, प्रवासाची बॅग, औषधांची लहान पेटी या गोष्टी कधी वाया जात नाहीत.

आता सोन्याच्या साखळीविषयी. ती घरात, समारंभाला निघण्यापूर्वी, आजीने औक्षण करून नातीच्या गळ्यात घालावी, त्या संध्याकाळी तिने ती मिरवावी आणि नंतर ती तुमच्या लॉकरमध्ये ठेवावी. डॉर्ममध्ये न्यायला आजीकडून दुसरी वस्तू मागा: त्यांच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी. नाशिकला गोधडी शिवून देणारे सहज मिळतील. मात्र सांगताना दोन-तीन थरांचीच शिवायला सांगा, टाके बारीक आणि जवळजवळ घालायला सांगा, आणि रंग जाणारी साडी त्यात घालू नका, कारण ती डॉर्मच्या यंत्रात इतर कपड्यांबरोबर धुतली जाणार आहे. जाड गोधडी भिजली की यंत्राला पेलवत नाही.

शेवटी, आई-वडिलांनी स्वतः द्यायची एक गोष्ट. मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुम्हाला माहिती देण्यास बांधील नसतात, आणि कॉलेजात गेल्यावर त्याच्या गुणांची व नोंदींची माहिती मिळवण्याचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. म्हणून वैद्यकीय निर्णयासाठी प्रतिनिधी नेमण्याचा अर्ज आणि आरोग्याची माहिती देण्याची संमती, ही दोन कागदपत्रे मुलीशी शांतपणे बोलून, तिची इच्छा असेल तर, साक्षीदारांसमोर ऑगस्टपूर्वी पूर्ण करून ठेवा. अपघात झाला किंवा दवाखान्यात दाखल करावे लागले, तर मध्यरात्री फोनवर याच कागदांची गरज पडते.


पाऊलवाट (प्रिन्स्टन, न्यू जर्सी)

मी इथल्या मराठी शाळेत बरीच वर्षे शिकवते आहे आणि एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या घरच्या कार्यक्रमांत मुलाला कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळाला याचा फार मोठा फलक लागतो. केकवर विद्यापीठाचे चिन्ह, अंगणात पाटी, टेबलावर त्याच रंगाचे रुमाल, आणि येणारा प्रत्येक काका प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न तोच विचारतो. त्या घोळक्यात एखादे मूल असे असते की, ज्याला हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळालेला नाही, किंवा जे काउंटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजला, जाणार आहे, किंवा ज्याने एक वर्ष काम करायचे ठरवले आहे. ते मूल तेरा वर्षे त्याच बसने, त्याच वर्गांत गेलेले असते आणि समारंभात त्याचेही नाव तितक्याच मोठ्याने पुकारले जाते. शाळेच्या व्यासपीठावर टक्के वाचून दाखवत नाहीत. शिक्षण पूर्ण केले याचा तो सोहळा असतो. आपण घरी येऊन त्याचा निकालाचा दिवस करतो, याचे मला वाईट वाटते.

काउंटी कॉलेजला जाणे म्हणजे मागे पडणे, हा समजही आपण सोडला पाहिजे. न्यू जर्सीत वर्गातील वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्यांना एनजे स्टार्स या योजनेतून आपल्या काउंटीच्या कॉलेजात फी-माफी मिळू शकते, आणि तिथून राज्य विद्यापीठांत जाण्याची वाट नीट आखलेली आहे. माझे काही अतिशय गुणी विद्यार्थी, घरची परिस्थिती पाहून, विचारपूर्वक त्या वाटेने गेले आहेत. त्यांच्या पार्टीला कोणी आले नाही, कारण त्यांच्या घरी पार्टी झालीच नाही. आई-वडिलांना संकोच वाटला. अशा मुलाला तुम्ही ओळखत असाल तर त्याला पाकीट आणि पत्र आवर्जून पाठवा, रक्कम इतरांना दिली तेवढीच असू द्या, आणि पत्रात कॉलेजचा विषय न काढता त्या मुलाविषयी लिहा.


मोगरा (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. सासूबाईंशी काल फोनवर बोलणे झाले. गोधडीची कल्पना त्यांना इतकी आवडली की, कोणती साडी वापरायची आणि कोणती नाही यावर त्यांनी सासऱ्यांशी चर्चाही सुरू केली आहे. ओपन हाउस दुपारी आणि मराठी मंडळींचे जेवण संध्याकाळी, हे दोघींनाही मान्य आहे. पाऊलवाटताई, तुमचे वाचल्यावर मुलीने केकवरील विद्यापीठाचे चिन्ह काढून टाकले आणि तिथे वर्षासह सर्व मैत्रिणींची नावे लिहायची असे ठरवले. त्यांतील एक मैत्रीण काउंटी कॉलेजलाच जाणार आहे, हे मला त्या वेळी कळले.

आता फक्त आमंत्रणाच्या मजकुराचा प्रश्न उरला आहे. ‘तुमची उपस्थिती हाच आहेर’ असे लिहायचे मी म्हणत होते. ते योग्य दिसेल का? आणि भारतातील नातेवाइकांना, जे येऊ शकणार नाहीत, त्यांना आमंत्रण पाठवावे का?


अबोली (कोलंबस, ओहायो)

ते वाक्य मराठी पाहुण्यांना कळेल आणि आवडेलही, पण इंग्रजी आमंत्रणावर भेटीचा उल्लेख अजिबात करू नका, होकारार्थीही नको आणि नकारार्थीही नको. इथे भेटीविषयी काहीच न लिहिणे हे सभ्यपणाचे समजले जाते, आणि ‘आणू नका’ असे वाचून मुलीचे वर्गमित्र गोंधळतात, कारण त्यांच्या आयांनी कार्ड आधीच आणलेले असते. कोणी विचारलेच तर तोंडी सांगा की, काही नको, नुसते या.

भारतातील नातेवाइकांना आमंत्रणाऐवजी नुसते कळवण्याचे पत्र पाठवा. शाळेमार्फत छापून मिळणाऱ्या अनाउन्समेंट याच कामासाठी असतात. त्यात मुलीचे नाव, शाळा आणि समारंभाची तारीख असते, घरच्या कार्यक्रमाचा पत्ता नसतो, त्यामुळे यायचे किंवा काही पाठवायचे ओझे कोणावर पडत नाही. त्याच्या मागे मुलीला तिच्या अक्षरात मराठीत चार ओळी लिहायला सांगा. टपालाला वेळ लागतो, तेव्हा शक्य तितक्या लवकर टाका.

आणखी एक गोष्ट आताच ठरवून ठेवा. पाकिटे ठेवायची पेटी दाराजवळ न ठेवता घरात ठेवा आणि ती सांभाळायचे काम एखाद्या मावशीकडे सोपवा. रात्री पाकिटे फोडताना मुलीच्या शेजारी कोणीतरी वही घेऊन बसावे आणि प्रत्येक नावापुढे काय आले ते लिहीत जावे. आभारपत्रे तिने स्वतः, डॉर्मला जाण्यापूर्वी लिहावीत. रोज पाच लिहिली तर जुलैच्या मध्यापर्यंत सर्व संपतात.